लॅश एक्स्टेन्शन: अवजारांची स्वच्छता, ग्लू आणि डोळ्यांची सुरक्षितता

अबोली (धागालेखिका)

लॅश एक्स्टेन्शनच्या, म्हणजे नैसर्गिक पापणीच्या केसाला कृत्रिम केस चिकटवण्याच्या, चर्चेत कर्ल (केसाचा बाक) कोणता, लांबी किती, फॅन (बारीक लॅशचा पंख्यासारखा झुबका) कसा उघडायचा यावर पानंच्या पानं लिहिली जातात. स्वच्छतेचा विषय निघाला की मात्र "आमच्याकडे यूव्ही बॉक्स आहे" या एका वाक्यावर मिटतो. टोकदार चिमटे आणि झटपट कडक होणारा ग्लू घेऊन बंद डोळ्यापासून मिलिमीटरभर अंतरावर दीड-दोन तास हे काम चालतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढू या. अवजारांपासून मी सुरुवात करते, ग्लू आणि डोळ्यांचे विकार यांवर जाणकारांनी भर घालावी.

एका क्लायंटसाठी किमान दोन चिमटे लागतात: सरळ चिमटा नैसर्गिक पापणी वेगळी करायला, वाकडा एक्स्टेन्शन उचलायला. दिवसाला जितके क्लायंट तितके संच हवेत आणि वर एक जादा, कारण काम चालू असताना चिमटा खाली पडला की तो त्या दिवसापुरता बाद. दोन क्लायंटच्या मधल्या पाच-दहा मिनिटांत स्प्रे मारून पुसून घेतला, की चिमटा निर्जंतुक झाला असं समजू नका.

काम संपल्यावर आधी टोकांवरचा सुकलेला ग्लू काढायचा. त्यासाठी टोकं ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायची आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. हाच टप्पा सर्रास गाळला जातो. ग्लूच्या थराखाली कुठलंही जंतुनाशक पोचत नाही, त्यामुळे त्यापुढची सगळी मेहनत वाया जाते. नंतर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. चिमट्याचे दोन पाय मागे जिथे जुळतात तिथे तेल आणि त्वचेचे कण अडकतात, ब्रश तिथपर्यंत गेला पाहिजे. मग धुवून कोरडा करायचा. ओला चिमटा द्रावणात टाकला की द्रावण पातळ होतं.

आता जंतुनाशक. चिमटा संपूर्ण बुडला पाहिजे, नुसती टोकं नव्हे, आणि पाय उघडे राहिले पाहिजेत. लेबलवरचा संपर्कवेळ पाळायचा. क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशक रसायनाच्या बहुतेक द्रावणांना तो १० मिनिटे असतो आणि शेवटचं अवजार आत गेल्यापासून मोजायचा असतो. मधेच एखादा टाकला तर घड्याळ पुन्हा शून्यावर. द्रावण मापाने बनवायचं, अंदाजाने नाही. ते रोज बदलायचं, आणि त्याआधी गढूळ दिसलं तर त्याच क्षणी. शेवटी स्वच्छ पाण्याने खळखळून धुवून पूर्ण वाळवायचा, कारण जंतुनाशकाचा अंश टोकावर राहिला तर तो पापणीच्या कडेला लागून आग होते. वाळल्यावर झाकणाच्या कोरड्या डब्यात.

एकदाच वापरायच्या वस्तू: स्पूली (पापण्या विंचरायचा छोटा ब्रश), मायक्रोब्रश, जेल पॅड (खालच्या पापण्या झाकणारी, डोळ्याखाली लावायची पट्टी), टेप, ग्लू रिंग (थेंब ठेवायची बोटातली अंगठी), उशीवरचं आवरण. स्पूली "धुवून घेतली" हे चालत नाही, ब्रशच्या केसांच्या मुळाशी पीळ दिलेल्या तारेत काय राहिलंय ते दिसतही नाही. स्पूली त्याच क्लायंटला घरी द्या, किंवा टाका. जेड स्टोन (ग्लूचा थेंब ठेवायचा दगड) वापरत असाल तर प्रत्येक वेळी वर नवा टेप किंवा फॉइल.

शंखपुष्पी

छान धागा, अबोलीताई. लॅशच्या ट्रेबद्दलही (एक्स्टेन्शनच्या पट्ट्या असलेला डबा) लिहायला हवं होतं. उघडा ट्रे क्लायंटच्या डोक्याशी ठेवायचा, पापणीला लागलेला चिमटा पुन्हा त्याच पट्टीवर टेकवायचा आणि तीच पट्टी पुढच्या क्लायंटला वापरायची, हे फार ठिकाणी चालतं. कामाला लागतील तेवढ्या पट्ट्या आधीच धुतलेल्या हातांनी आणि स्वच्छ चिमट्याने काढून वेगळ्या टाइलवर लावाव्यात. ट्रे लगेच बंद. टाइलवर उरलेलं ट्रेमध्ये परत जात नाही. टाइल गुळगुळीत हवी, काच किंवा ॲक्रिलिकची, म्हणजे पुसता येते.

टेपचंही तसंच. चिकटपणा कमी करायला टेपचे तुकडे स्वतःच्या हाताच्या पाठीवर लावून ठेवायची सवय अनेकींना असते. त्वचेवरचे जंतू थेट क्लायंटच्या डोळ्याखाली जातात. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडावर टेप दोनदा टेकवला तरी चिकटपणा उतरतो.

एक प्रश्न: ज्यांच्याकडे फक्त यूव्ही कॅबिनेट किंवा काचेच्या मण्यांचं गरम यंत्र आहे, त्यांनी काय करावं?

अबोली

@शंखपुष्पी, ट्रेचा मुद्दा अगदी बरोबर.

यूव्ही कॅबिनेटमध्ये जिथे किरण थेट पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर परिणाम होतो. चिमट्याची खालची बाजू, दोन पायांमधली फट, ग्लूचा डाग, सगळं सावलीत राहतं. दिवा जुना झाला की निळा प्रकाश दिसत राहतो, पण जंतू मारणारे किरण कमी झालेले असतात. त्यामुळे आधीच निर्जंतुक केलेली अवजारं ठेवायची जागा, एवढाच त्याचा उपयोग धरा. मण्यांच्या यंत्रात टोक तापतं, उरलेला चिमटा तसाच राहतो, आणि बारीक टोकांचा ताण जाऊन ती नीट मिटेनाशी होतात. दोन्ही यंत्रं द्रावणाची जागा घेऊ शकत नाहीत.

खरं निर्जंतुकीकरण हवं असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र. धुतलेले, वाळवलेले चिमटे पाउचमध्ये. १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे. ही वेळ तापमान गाठल्यानंतरची. पाउचमध्ये असताना जास्त वेळ लागतो, तो यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. वाळवण्याचं चक्र पूर्ण होऊ द्यायचं. पाउच ओला बाहेर आला तर त्या कागदातून जंतू आत शिरतात, तो निर्जंतुक धरायचा नाही. पाउचवरची पट्टी रंग बदलते ती उष्णता लागल्याची खूण आहे, जंतू मेल्याची नाही. त्यासाठी बीजाणूंची (जंतूंच्या चिवट, सुप्त रूपांची) चाचणी वेगळी करावी लागते. चिमटा ऑटोक्लेव्हला टिकतो का, हे विकत घेतानाच विचारा. रंगीत लेप असलेले काही चिमटे टिकत नाहीत.

रसायनी

अल्कोहोलबद्दल थोडं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्क्यांपेक्षा जास्त "कडक" म्हणून वापरलं जातं, प्रत्यक्षात ७० टक्केवालंच चांगलं काम करतं. प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि ९९ टक्के अल्कोहोल परिणाम व्हायच्या आत उडून जातं. बीजाणूंवर मात्र दोन्ही निष्प्रभ. ट्रॉली, दिव्याचा दांडा, खुर्चीचा पाठीमागचा भाग, ग्लूची बाटली, मोबाइल अशा कामात वारंवार हात लागणाऱ्या वस्तू पुसायला ७० टक्के ठीक.

ब्लीच स्टीलच्या चिमट्यांवर नको. क्लोरीनमुळे टोकांना बारीक खड्डे पडतात, टोक गंजतं आणि त्या खड्ड्यांत पुन्हा घाण बसते.

आता ग्लू. बहुतेक बाटल्यांत मुख्य घटक इथाइल सायनोॲक्रिलेट असतो. सोबत घट्टपणासाठी पीएमएमए (एक ॲक्रिलिक प्लास्टिक), काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक आणि बाटलीत जमू नये म्हणून अत्यल्प हायड्रोक्विनोन. "सेन्सिटिव्ह" ग्लूमध्ये बऱ्याचदा अल्कॉक्सी किंवा ब्युटिल प्रकार असतात. त्यांची वाफ कमी, पकड सावकाश आणि टिकाऊपणाही कमी. पण तेही सायनोॲक्रिलेटच. ज्यांना ॲलर्जी झालेली आहे त्यांना ते सुरक्षित म्हणून विकणं चूक आहे.

हा ग्लू हवेने "सुकत" नाही. हवेतल्या आणि पापणीवरच्या ओलाव्यामुळे त्याची साखळी जुळते. म्हणून खोलीत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) हवा, तोही कामाच्या जागेशी, भिंतीवर लांब नाही. साधारण २० ते २४ अंश तापमान आणि ४५ ते ६० टक्के आर्द्रता बहुतेक ग्लूंना चालते. नेमका पल्ला बाटलीवर असतो. हवा कोरडी असेल तर ग्लू बराच वेळ ओला राहतो, वाफ जास्त सुटते, पापण्या एकमेकींना चिकटतात. हवा फार दमट असेल तर तो एकदम गोठतो, पांढरट पडतो आणि ठिसूळ होतो. एक्स्टेन्शन दोन दिवसांत गळायला लागली की "क्लायंटने डोळे चोळले" म्हणण्याआधी त्या दिवशीची आर्द्रता तपासा.

बाटली वापरण्यापूर्वी मिनिटभर हलवायची, कारण रंग आणि घट्टपणाचे घटक तळाशी बसतात. थेंब दर १५ ते २० मिनिटांनी नवा. जुन्या थेंबावर साय धरली की तो धाग्यासारखा ओढला जातो आणि ते धागे पापणीच्या कडेवर पडतात. नोझल पुसून, उभी ठेवून, सिलिकाच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ग्लू बाटलीतच जमायला लागतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. साधारण ४ ते ८ आठवड्यांनी ती टाकायची, अर्धी उरली असली तरी.

आणि एक धोका कुणी सांगत नाही: सांडलेला ग्लू कापसाने पुसू नका. कापसाशी सायनोॲक्रिलेटची क्रिया फार जलद होते आणि इतकी उष्णता निघते की त्वचा भाजते, धूर येतो. सुती हातमोजेही त्याच कारणाने नकोत.

निरंजना

फॉर्मल्डिहाइड-मुक्त लिहिलेल्या ग्लूचं काय? क्लायंट हा प्रश्न हमखास विचारतात.

रसायनी

फॉर्मल्डिहाइड ग्लूमध्ये वेगळं घालत नाहीत. जमलेल्या सायनोॲक्रिलेटचं पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटन होतं आणि त्यातून ते थोड्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे कारखान्यातून निघताना बाटलीत नव्हतं, एवढाच त्या लेबलचा अर्थ घ्यावा. "मेडिकल ग्रेड" हे शब्दही घटकांची यादी वाचल्याशिवाय मानू नका. जखम चिकटवायला जे वापरतात ते ब्युटिल किंवा ऑक्टिल प्रकार आहेत. बाटलीत इथाइल असेल तर लेबलवर काहीही छापलं तरी ते इथाइलच.

दृष्टिक्षेप

डोळ्यांच्या बाजूने लिहितो. क्लायंट खुर्चीत बसल्यावर पहिली तीन-चार मिनिटं भिंग आणि चांगला उजेड घेऊन फक्त बघण्यात घालवा.

पापणीच्या मुळाशी कोंडा आहे का? तो कसा आहे? केसाभोवती बांगडीसारखी, पारदर्शक-पांढुरकी वेटोळी दिसली तर डेमोडेक्स माइटची शक्यता मोठी. ते सूक्ष्म जीव केसाच्या मुळाशी आणि तेलग्रंथीत राहतात. पिवळट चिकट खपल्या, लाल कड, सकाळी डोळे चिकटणं ही पापणीच्या कडेच्या दाहाची, म्हणजे ब्लेफरायटिसची लक्षणं. रांजणवाडी, डोळे आलेले, नागीण किंवा ओठावर-डोळ्याजवळ पुरळ, पापणीवर इसब, यांपैकी काहीही असेल तर काम करायचं नाही, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. "फक्त एका डोळ्याला आहे, दुसऱ्याला लावा" ही तडजोडही नको.

डोळे येण्याच्या साथीत जास्त काळजी घ्या. ॲडेनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकू शकतो आणि क्वाटर्नरी अमोनियमची साधी द्रावणं त्यावर दुबळी पडतात. लेबलवर ॲडेनोव्हायरसचा स्पष्ट उल्लेख असलेलं जंतुनाशक निवडा. लाली गेल्यावरही किमान दोन आठवडे अपॉइंटमेंट देऊ नका.

आधी विचारायच्या गोष्टी: डोळ्याची किंवा पापणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनची परवानगी. कोरडे डोळे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डोळे आणि त्वचा दोन्ही कोरडी, नाजूक असतात. पापण्या वाढवणारं सीरम, काचबिंदूचे थेंब. केस उपटण्याची सवय, चाई. जखमेवर लावायच्या ग्लूची, नखांच्या ग्लूची किंवा ॲक्रिलिकची ॲलर्जी. कॉन्टॅक्ट लेन्स काम सुरू करण्यापूर्वी काढायलाच हव्यात. वाफ लेन्सखाली अडकते.

शंखपुष्पी

@दृष्टिक्षेप, डेमोडेक्स दिसला तर टी ट्री तेलाचा फोम लावून पुढे काम करावं, असं प्रशिक्षणात शिकवतात.

दृष्टिक्षेप

नको. टी ट्रीमधला टर्पिनेन-४-ऑल हा घटक माइटवर परिणाम करतो हे खरं, पण त्याला काही आठवडे नियमित वापर लागतो आणि प्रमाण चुकलं तर बुबुळाला इजा होते. एकदा फोम लावून वर एक्स्टेन्शन चढवली तर कोंड्यावर छप्पर घातल्यासारखं होतं, खाली सगळं वाढत राहतं. आधी उपचार, मग पापण्या.

निरंजना

ॲलर्जी आणि जळजळ यांत बऱ्याच जणी गल्लत करतात. कृपया त्यावरही लिहा.

दृष्टिक्षेप

जळजळ लगेच होते. डोळा उघडताच झोंबतं, पाणी येतं, पांढरा भाग लाल होतो, उजेड सहन होत नाही. कारण बहुधा वाफ किंवा पॅडची कड. काम चालू असताना डोळा किंचित उघडा राहिला की हेच होतं. झोपेतही काहींची पापणी पूर्ण मिटत नाही, म्हणून पॅड लावल्यावर खालून टॉर्च धरून फट दिसते का ते बघा. वरची पापणी टेपने ताणताना जरा जास्त ओढली तरी फट पडते. ही जळजळ सहसा दिवसाभरात ओसरते. दुखणं वाढत गेलं, धूसर दिसलं किंवा डोळ्यात काही टोचतंय असं वाटत राहिलं तर बुबुळावर ओरखडा असू शकतो, त्याच दिवशी तपासणी हवी.

ॲलर्जीत बहुधा पांढऱ्या भागापेक्षा पापणीची त्वचा बोलते: खाज, सूज, लाली, पुढे त्वचा सोलवटणं, दोन्ही डोळ्यांना. साधारण २४ ते ७२ तासांनी सुरू होते, आणि महिनोन् महिने काही झालं नसतानाही होऊ शकते. शरीर एकदा सायनोॲक्रिलेट "ओळखायला" लागलं की ते विसरत नाही. पुढच्या वेळी लवकर आणि जोरात उमटतं. यात ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांचा उपयोग मर्यादित, कारण ही उशिराने येणारी, पेशींमार्फत होणारी प्रतिक्रिया आहे. "आधी गोळी घ्या आणि रिफिलला (गळलेल्या एक्स्टेन्शनच्या जागा भरायला) या" हा सल्ला कुणीही देऊ नये. अशा क्लायंटला लेखी सांगा की पुढे कधी शस्त्रक्रिया झाली तर टाके न घालता ग्लूने जखम बंद करण्याआधी डॉक्टरांना ही ॲलर्जी कळवा.

सूज एकाच बाजूला, गरम, दुखरी, सोबत ताप, डोळा हलवताना वेदना किंवा दोन-दोन दिसणं असेल तर ती ॲलर्जी समजून वाट बघू नका. थेट रुग्णालय.

चित्रलेखणी

पॅच टेस्टबद्दल (ॲलर्जी होते का ते आधी थोडंसं लावून बघायची चाचणी) माझा थोडा मतभेद आहे. कानामागे ग्लूचा थेंब लावून "टेस्ट झाली" म्हणणं मला पटत नाही. तिथली त्वचा आणि पापणीची त्वचा वेगळी, आणि ग्लू त्वचेला लावायचाच नाही हा आपला पहिला नियम. शिवाय त्वचेशी थेट संपर्क देऊन आपणच शरीराला ओळख करून देतो.

त्यापेक्षा प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात ५ ते १० एक्स्टेन्शन, त्याच ग्लूने, त्याच प्रायमरने (ग्लूआधी पापणीवरचं तेल काढणारा द्रव), तेच पॅड वापरून. मग किमान ४८ तास थांबायचं. कारण कधी कधी पॅडमधला घटक किंवा टेपचा चिकट थर हेच ॲलर्जीचं मूळ असतं. नुसता ग्लू तपासला तर ते सुटतं. पॅडची ॲलर्जी डोळ्याखाली पॅडच्याच आकारात उमटते, ग्लूची वरच्या कडेला. ग्लूचा ब्रँड बदलला तर टेस्ट पुन्हा.

अबोली

सहमत. फक्त क्लायंटला हेही सांगायचं की टेस्ट ठीक निघाली म्हणजे कायमची हमी नाही. दृष्टिक्षेप यांनी लिहिलंय तसं, ॲलर्जी दहाव्या वेळीही होऊ शकते.

चित्रलेखणी

आता प्रत्यक्ष लावण्यातल्या चुका.

पॅड पापणीच्या आतल्या ओल्या कडेपासून १ ते २ मिलिमीटर खाली हवा. क्लायंटला वर बघायला सांगून लावा, डोळे मिटल्यावर पुन्हा बघा, आणि "टोचतंय का" हे दोनदा विचारा. डोळे मिटले की पॅड थोडा वर सरकतो. तो पांढऱ्या भागावर टेकत राहिला तर उठल्यावर तिथे रक्ताचा लाल डाग दिसतो. खालच्या सगळ्या पापण्या पॅडखाली गेल्या पाहिजेत.

ग्लू त्वचेपासून ०.५ ते १ मिलिमीटर लांब. एका नैसर्गिक पापणीला एकच एक्स्टेन्शन किंवा एकच फॅन. दोन नैसर्गिक पापण्या जुळल्या तर त्या वेगवेगळ्या वेगाने वाढतात, मोठी छोटीला मुळापासून ओढते. सतत ओढ राहिली तर मूळ कमकुवत होतं आणि तिथे विरळ जागा राहते. दर १५ मिनिटांनी दोन्ही चिमट्यांनी मुळाशी ओळ तपासा. शेवटी तपासायचं ठेवलं तर ग्लू पक्का झालेला असतो.

वजनाचा हिशेब जाडीच्या वर्गाने (जाडी गुणिले जाडी) करा. ०.१५ मिलिमीटरवरून ०.२० ला गेलं की त्याच लांबीचं वजन १.७८ पट होतं, दिसायला फरक थोडा असला तरी. उलट, ०.१५ च्या एका क्लासिक (फॅन नसलेल्या, एकेरी) लॅशइतकं वजन ०.०५ च्या ९ किंवा ०.०३ च्या २५ लॅशचं. ०.०७ च्या ४ हलक्या पडतात, ५ जड. वर ग्लूचं वजन वेगळं. त्यामुळे "०.०७ आहे, कितीही घाला" हे चुकीचं. लांबी नैसर्गिक पापणीपेक्षा २ ते ३ मिलिमीटरच जास्त. आतल्या कोपऱ्यातल्या कोवळ्या पापण्यांना हात लावू नका.

निरंजना

काम झाल्यावर २४ ते ४८ तास पाणी लावू नका, असं सांगायचं की नाही?

चित्रलेखणी

ज्या ग्लूच्या उत्पादकाने जेवढं लिहिलंय तेवढंच. शेवटी नॅनो मिस्टर (पाण्याचा बारीक फवारा सोडणारं यंत्र) वापरला तर काही ग्लूंना खूप कमी वेळ पुरतो. मिस्टर २० ते ३० सेंटिमीटर लांबून, हलत्या हाताने. जवळून धरला तर थेंब साचून ग्लू पांढरा पडतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर, आणि टाकी रोज रिकामी करून वाळवायची. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि आपण तेच बारीक फवाऱ्याने डोळ्यांवर सोडतो.

पाण्याची खरी अडचण पुढे येते. पहिल्या दिवशीची "पाणी नको" ही सूचना क्लायंटच्या डोक्यात महिनाभर बसते. त्या पापण्या धुतच नाहीत. तेल, मेकअप, मृत त्वचा मुळाशी साचते आणि ब्लेफरायटिस तिथून सुरू होतो. एक्स्टेन्शनही लवकर गळतात. म्हणून रोज एकदा, मेकअप असेल तर दोनदा: तेलविरहित फोम बोटावर किंवा मऊ ब्रशवर, मुळाशी २०-३० सेकंद हलक्या हाताने, भरपूर पाण्याने धुवून, टिपून, कोरडं झाल्यावर स्पूली. निघताना क्लायंटच्या हातात फोम देऊन एकदा करून दाखवा. कागदावर छापून दिलेल्या सूचना फार कमी जणी वाचतात.

शंखपुष्पी

फोमवरून: घट्ट क्लीन्झर नळाच्या पाण्यात पातळ करून बाटल्या पुन्हा पुन्हा भरल्या जातात. पातळ केल्यावर त्यातला परिरक्षकही पातळ होतो, मग बाटलीतच जंतू वाढतात. करायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्या दिवसापुरतंच, आणि बाटली धुवून वाळवून. निर्जंतुक सलाइनची बाटली उघडल्यावर दिवसअखेर टाका.

कमलदल

ग्लू डोळ्यात गेला तर नेमकं काय करायचं?

दृष्टिक्षेप

पापण्या ओढून उघडायच्या नाहीत. रिमूव्हर, ॲसिटोन, तेल काहीही लावायचं नाही. डोळा उघडत असेल तर कोमट पाणी किंवा सलाइनची सौम्य धार, आतल्या कोपऱ्याकडून बाहेरच्या दिशेने, १५ मिनिटे. मग नेत्रतज्ज्ञ. पापण्या चिकटल्या असतील तर कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ गॉझ ठेवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. त्वचेचा ग्लू काही दिवसांत आपोआप सुटतो. कापण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. जाताना ग्लूची बाटली सोबत द्या, घटक कळतात.

अबोली

एक्स्टेन्शन काढण्याबद्दल मी लिहिते. क्रीम रिमूव्हर सगळ्यात सुरक्षित, जेल त्याच्यानंतर, पातळ द्रव तर नकोच. तो फटीतून डोळ्यात शिरतो. खालच्या पापण्या पॅडखाली, डोळे घट्ट न आवळता मिटलेले. क्रीम फक्त जोडावर, त्वचेला न लावता. लेबलवरची वेळ, साधारण ३ ते ५ मिनिटे. मग दोन मायक्रोब्रशांनी सरकवायचं. सरकत नसेल तर पुन्हा क्रीम, ओढायचं नाही. शेवटी ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन-तीनदा पुसून सलाइनने धुवायचं. त्वचा फुटलेली असेल किंवा सुजेमुळे डोळा नीट मिटत नसेल तर आपण काढायला बसायचं नाही, आधी डॉक्टर.

रसायनी

काम करणाऱ्यांसाठीही. क्लायंट दोन-तीन आठवड्यांनी एकदा येतो, आपण ही वाफ रोज घेतो. इथाइल सायनोॲक्रिलेटसाठी आठ तासांच्या सरासरीची शिफारस केलेली मर्यादा ०.२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.२ भाग) आहे, म्हणजे फार थोडी. नाक वाहणं, संध्याकाळी खोकला, छाती आवळणं आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटणं ही व्यवसायजन्य दम्याची सुरुवात असू शकते. सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, त्याला सक्रिय कार्बनचा थर हवा. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे छताजवळच्या पंख्याचा फायदा कमी. शोषक यंत्राचं तोंड क्लायंटच्या डोक्याशी, ग्लूच्या थेंबाजवळ ठेवा, आणि कार्बन फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. क्लायंटच्या चेहऱ्यावरून हवा स्वतःच्या तोंडाकडे ओढली जात नाही ना, ते अगरबत्तीच्या धुराने तपासता येतं. हातमोजे नायट्रिलचे, ग्लू लागला की लगेच बदलायचे, कारण पातळ नायट्रिलमधून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जातं.

कमलदल

सगळ्यांचे आभार. क्लायंटच्या कार्डावर नेमकं काय नोंदवावं?

चित्रलेखणी

ग्लूचं नाव, बॅच क्रमांक, बाटली उघडल्याची तारीख. त्या वेळचं तापमान आणि आर्द्रता. पॅड, टेप, प्रायमर कोणते. कर्ल, जाडी, लांबी यांचा नकाशा, दोन्ही डोळ्यांचा वेगळा. पॅच टेस्टची तारीख आणि ४८ तासांनंतरचं उत्तर. आजार आणि औषधांची माहिती प्रत्येक रिफिलला नव्याने विचारून, सहीसह. काम सुरू करण्यापूर्वीचा उघड्या आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो. चिमट्यांच्या पाउचवरची तारीखही इथेच लिहा, म्हणजे पुढे कुणाला संसर्ग झाला तर त्याच फेरीतले बाकीचे संच त्याच दिवशी बाजूला काढता येतात.